एक पॅच, दोन निकाल : विमान देखभाल प्रशिक्षणातील प्रात्यक्षिक मूल्यमापनाचे एक प्रकरण

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या सीएआर-१४७ या नियमावलीखाली मान्यता असलेल्या महाराष्ट्रातील एका विमान देखभाल प्रशिक्षण संस्थेत शीटमेटलच्या, म्हणजे पत्राकामाच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या निकालावरून तक्रार झाली आणि त्या तक्रारीची तड लावता लावता संस्थेला कार्यशाळेतील गुणदानाची सगळी पद्धतच नव्याने बांधावी लागली. फेरतपासणीसाठी बाहेरचा परीक्षक म्हणून मला हे प्रकरण जवळून पाहता आले. संस्थेचे आणि संबंधितांचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण प्रश्न त्या एका संस्थेचा नाही. हाताने केलेल्या कामाला गुण देण्याची वेळ जिथे जिथे येते, तिथे तो आज ना उद्या उभा राहतो.

परीक्षेतील जॉब नेहमीचाच होता. टर्बाइन इंजिनाच्या विमानांच्या बी१.१ शाखेतील विद्यार्थ्यांना २०२४-टी३ अल्क्लॅडचा (शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा) एक मिलिमीटर जाडीचा पत्रा देण्यात आला होता. त्याच्या मध्यभागी नुकसान झाले आहे असे मानून तेवढा भाग कापून काढायचा आणि त्यावर त्याच धातूचा पॅच, म्हणजे ठिगळ, एमएस२०४७०एडी४ या ३.२ मिलिमीटर व्यासाच्या रिव्हेटच्या (छिद्रात घालून ठोकायच्या, पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळीच्या) दोन ओळींनी बसवायचा. आरेखनात पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या केंद्रापर्यंतचे अंतर ८ मिलिमीटर आणि दोन रिव्हेटमधील अंतर १६ मिलिमीटर दिलेले होते. विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या होत्या आणि प्रत्येक तुकडीचे गुण त्या तुकडीला शिकवणाऱ्या प्रशिक्षकाने द्यायचे होते. गुणपत्रिकेत चार रकाने होते : कारागिरीला ४०, सफाईला २०, शिस्तीला २० आणि तोंडी परीक्षेला २०. उत्तीर्ण होण्यासाठी ६० गुण लागत. कारागिरी म्हणजे नेमके काय पाहायचे, याबद्दल गुणपत्रिकेत एक ओळसुद्धा नव्हती.

पहिल्या तुकडीतील एका विद्यार्थिनीला ५४ गुण मिळाले आणि ती अनुत्तीर्ण ठरली. तिच्या पत्र्यावर ओरखडे होते आणि दोन रिव्हेटच्या डोक्यांवर रिव्हेट सेट, म्हणजे डोक्यावर टेकवून ठोकायचे हत्यार, तिरका लागल्याने चंद्रकोरीसारखे वळ उमटले होते. त्याखेरीज ड्रिल हलल्यामुळे एक छिद्र लंबगोल झाले होते. मात्र छिद्र बिघडल्याचे लक्षात येताच ती थांबली होती, तिने प्रशिक्षकांना सांगितले होते, जॉब कार्डवर तशी नोंद केली होती आणि दुरुस्तीच्या पुस्तिकेनुसार त्या एका जागी पुढच्या मापाचे, म्हणजे ४ मिलिमीटरचे रिव्हेट वापरले होते. दुसऱ्या तुकडीतील एका विद्यार्थ्याचा जॉब सगळ्यांना दाखवावा इतका देखणा होता. ओळी सरळ होत्या, डोकी चकचकीत होती आणि पत्र्यावर एकही खूण नव्हती. त्याला ७८ गुण मिळाले.

विद्यार्थिनीने फेरतपासणी मागितली, तेव्हा दोन्ही जॉब वर्नियर कॅलिपर घेऊन मोजण्यात आले. देखण्या जॉबच्या एका कडेला तीन रिव्हेट पत्र्याच्या काठापासून साडेपाच मिलिमीटरच्या आतच बसली होती. कडेपासूनचे अंतर रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट असावे, हा शीटमेटलमधील पहिल्या धड्याचा नियम आहे आणि ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटसाठी ते ६.४ मिलिमीटर भरते. त्याहून कमी अंतरावर भार आला की रिव्हेट आणि काठ यांच्यामधला पत्रा फाटू शकतो. विमानावर हा पॅच नाकारला गेला असता. विद्यार्थिनीच्या जॉबमध्ये मात्र मोठ्या मापाच्या रिव्हेटसकट सगळी अंतरे बसत होती. ४ मिलिमीटरच्या रिव्हेटला किमान ८ मिलिमीटर लागतात आणि तिचे छिद्र काठापासून ८.१ मिलिमीटरवर होते. हा हिशोब तिने रिव्हेट बदलण्याआधीच जॉब कार्डच्या मागच्या बाजूला केलेला होता, पण कार्डाची ती बाजू गुण देताना कोणी उलटून पाहिलेली नव्हती.

संस्थेच्या प्रमुखांनी यानंतर जे केले ते मला फार मोलाचे वाटते. एका विद्यार्थिनीचे गुण वाढवून विषय मिटवणे सोपे होते. तसे न करता त्यांनी मागील सत्रांतील काही जॉब काढले, त्यांवरची नावे झाकून नुसते क्रमांक लावले आणि ते दोन्ही प्रशिक्षकांना स्वतंत्रपणे तपासायला दिले. गुणांत मोठे अंतर पडेल ही सर्वांची अपेक्षा होती. एक प्रशिक्षक कडक असेल आणि दुसरा सढळ, तर सर्व जॉबवर साधारण सारखाच फरक दिसतो आणि तो काढून टाकता येतो. येथे जॉबचा क्रमही बदलला. एकाने सर्वांत वर ठेवलेला जॉब दुसऱ्याच्या यादीत खालच्या भागात होता. याचा अर्थ दोघे एकच गोष्ट कमीजास्त कडकपणे मोजत नव्हते, तर दोन वेगळ्या गोष्टी मोजत होते.

दोघांशी बोलल्यावर कारण उलगडले. एका प्रशिक्षकांची उमेदीची वर्षे विमानाच्या सांगाड्याच्या दुरुस्ती शॉपमध्ये गेली होती आणि त्यांची नजर थेट रिव्हेटच्या डोक्यावर, पत्र्याच्या पृष्ठभागावर आणि कडेच्या कानसकामावर जाई. दुसरे लाइन मेंटेनन्समधून, म्हणजे विमानतळावर दोन उड्डाणांच्या मध्ये होणाऱ्या देखभालीतून आले होते. रात्रीच्या पाळीत विमानाखाली उभे राहून, पहाटेच्या उड्डाणासाठी स्वाक्षरी करणाऱ्या माणसाला जे महत्त्वाचे वाटते, तेच ते पाहत : पुस्तिका उघडली होती का, टूल टॅली, म्हणजे हत्यारांची मोजदाद, झाली का, गॉगल डोळ्यांवर होता का, कार्डावरची नोंद कामाच्या वेळीच केली की नंतर. दोघेही मनापासून आणि प्रामाणिकपणे तपासत होते आणि दोघांच्या आग्रहांना विमानक्षेत्रात पूर्ण आधार आहे. ‘कारागिरी ४०’ या दोन शब्दांत त्यांनी आपापले आयुष्यभराचे शिक्षण ओतले होते, एवढेच. कडेचे अंतर मात्र दोघांनीही डोळ्यांनीच पाहिले होते, कारण सरळ दिसणारी ओळ योग्य जागीच असणार असे नजर गृहीत धरते. एका बाबीत झालेल्या चांगल्या मताची छाया इतर बाबींच्या मूल्यमापनावर पडते, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवून दिले होते. चकचकीत जॉबच्या बाबतीत नेमके तेच घडले.

बैठकीत पहिली सूचना आली ती दोघांच्या गुणांची सरासरी काढण्याची. ती न्याय्य वाटते, म्हणूनच ती धोक्याची आहे. सरासरीने दोन माणसांमधील मतभेद झाकला जातो, पण त्याहून मोठा दोष असा की चार रकान्यांची बेरीज हीसुद्धा एक सरासरीच असते. सफाईत मिळालेले २० गुण कडेच्या अंतरातील चूक भरून काढतात आणि एकूण आकडा उत्तीर्णतेच्या वर जातो. विमानाच्या सांगाड्याला अशी भरपाई ठाऊक नसते.

याचे सर्वांत भीषण उदाहरण याच विषयातले आहे. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सचे १२३ क्रमांकाचे उड्डाण कोसळले आणि ५२० माणसे मरण पावली. त्या बोइंग ७४७ ची शेपटी १९७८ मध्ये ओसाका येथे उतरताना धावपट्टीला घासली होती आणि मागच्या दाबभिंतीची, म्हणजे आतील हवेचा दाब पेलणाऱ्या शेपटीकडील भिंतीची, दुरुस्ती करण्यात आली होती. तिथे एक अखंड जोडपट्टी बसवायची होती. ती दोन तुकड्यांत बसवली गेल्याने रिव्हेटच्या दोन ओळींनी वाहायचा भार प्रत्यक्षात एकाच ओळीवर आला आणि सात वर्षांच्या उड्डाणांत तिथला पत्रा थकत गेला. बाकीची रिव्हेट कितीही उत्तम ठोकलेली असती, तरी त्याने काही फरक पडला नसता.

म्हणून नव्या गुणपत्रिकेची सुरुवात गुणांनी न करता निर्णायक बाबींनी झाली. कडेचे अंतर व्यासाच्या दुपटीहून कमी असणे, आरेखनात नसलेल्या जातीचे किंवा मापाचे रिव्हेट नोंद न करता वापरणे, पॅचबाहेर राहणाऱ्या पत्र्यावर स्क्राइबरने, म्हणजे टोकदार हत्याराने, रेघ ओढणे, काम संपल्यावर एखादे हत्यार किंवा क्लेको (पत्रे तात्पुरते एकत्र धरणारी पिन) न सापडणे आणि दुरुस्तीची नोंद खोटी असणे, यांपैकी एकही गोष्ट घडली तर जॉब स्वीकारला जात नाही, मग बाकी गुण कितीही असोत. स्क्राइबरच्या रेघेचा समावेश काहींना अतिरेक वाटला. पण अल्क्लॅडवरचा शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर त्या रेघेने फाटतो आणि तिथून गंजाला व भेगेला सुरुवात होऊ शकते. म्हणूनच मापे मऊ टोकाच्या मार्करने काढायची, शिसपेन्सिलनेही नाहीत, हे विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यात शिकवलेले असते. शिकवलेली आणि जीवघेणी ठरू शकणारी गोष्ट परीक्षेत निर्णायक नसेल, तर विद्यार्थी तिला शिक्षकाची हौस समजतात.

निर्णायक बाबींची यादी लांबू न देणे हे सर्वांत कठीण काम होते. प्रत्येक प्रशिक्षकाला आपली एखादी बाब तिच्यात हवी होती. शेवटी एकच कसोटी ठरली : ही चूक विमानावर सापडली असती, तर स्वाक्षरी करणाऱ्या अभियंत्याने काम परत करायला लावले असते का? चंद्रकोरीचा हलका वळ या कसोटीवर यादीत बसला नाही. तो गुणांत गेला.

दुसरा भाग मोजायच्या गोष्टींचा. येथे एक बारकावा होता, ज्यावर बराच वेळ खर्च झाला आणि तो खर्च सार्थ होता. आरेखनाची रेषा आणि विमानयोग्यतेची रेषा एक नसते. आरेखन ८ मिलिमीटर सांगते, किमान मर्यादा ६.४ मिलिमीटर आहे. अंतर ८ पासून किती ढळले यावर गुण द्यायचे आणि ६.४ च्या खाली गेल्यास गुणांचा प्रश्नच उरत नाही. एखाद्याचे अंतर ७.१ असेल तर त्याचा जॉब स्वीकारार्ह आहे, पण त्याने आरेखन पाळलेले नाही आणि पुढच्या मापाचे रिव्हेट घालायची वेळ आली तर त्याच्याकडे जागा उरलेली नाही. पूर्वीच्या पत्रिकेत या दोन रेषा एकमेकींत मिसळल्या होत्या. रिव्हेटच्या शॉप हेडचे, म्हणजे ठोकल्यावर दुसऱ्या बाजूला तयार होणाऱ्या डोक्याचेही तसेच केले. त्याचा व्यास रिव्हेटच्या दीडपट आणि उंची निम्मी असावी हा प्रमाणित आकार आहे, म्हणजे या रिव्हेटसाठी साधारण ४.८ आणि १.६ मिलिमीटर. संस्थेने आपल्या पुस्तिकेप्रमाणे सहनमर्यादा ठरवून गो-नो-गो गेज, म्हणजे माप मर्यादेत आहे की नाही एवढेच दाखवणारे साधन, तयार करून घेतले. गेज बसले की नाही, एवढेच तपासनीस लिहितो.

मोजमापातही एक खाच निघाली. रिव्हेट ठोकल्यावर छिद्राचे केंद्र डोक्याखाली झाकले जाते. डोक्याच्या काठापासून मोजून त्रिज्या मिळवावी, तर डोके किंचित सरकलेले असू शकते आणि दोन तपासनीसांच्या मापांत एक-दोन दशांश मिलिमीटरचा फरक सहज पडतो. एवढ्या फरकावर कोणाचा निकाल लटकू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन पत्र्यांच्या मधल्या बाजूचे डिबरिंग, म्हणजे छिद्राच्या कडेची धातूची कुसे काढणे, झाले की नाही, हे रिव्हेट ठोकल्यानंतर कोणालाही कळू शकत नाही. बंद झालेला जोड आपल्या आतले काम लपवतो. कार्यशाळेत आजवर शेवटी टेबलावर आलेल्या वस्तूचेच गुण दिले जात आणि तिच्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग न पाहताच दिले जात.

यावर उपाय विमानक्षेत्रातच होता, तो म्हणजे स्टेज इन्स्पेक्शन. आता छिद्रे पाडून, डिबरिंग करून, क्लेको लावण्याआधी विद्यार्थ्याने थांबायचे, तपासनीसाला बोलवायचे आणि तिथेच छिद्राचा व्यास, कडेचे अंतर आणि दोन्ही पृष्ठभाग तपासून कार्डावर सह्या व्हायच्या. मोजमाप छिद्र उघडे असताना होते, त्यामुळे वाद उरत नाही. ७८ गुणांचा तो विद्यार्थी या पद्धतीत रिव्हेट गन हातात घेण्याआधीच थांबवला गेला असता आणि आपल्या आखणीत चूक आहे हे त्याला निकालाच्या कागदावरून कळण्याऐवजी पत्र्यावरून कळले असते. परीक्षा आणि शिकवणे येथे एकमेकांच्या आड येत नाहीत.

तिसरा भाग नजरेचा. पृष्ठभागाची सफाई, कानसकाम, हत्यार हाताळण्याची सुरक्षितता यांना गेज नसते आणि ते आहे असे सोंग आणण्यात अर्थ नाही. वर्ल्डस्किल्स या आंतरराष्ट्रीय कौशल्य स्पर्धेत विमान देखभाल हाही एक विभाग असतो आणि तिथे मोजायच्या व पारखायच्या बाबी वेगळ्या ठेवल्या जातात. पारखायच्या बाबीला तीन परीक्षक ० ते ३ या श्रेणीत एकाच वेळी गुण दाखवतात. त्यात १ म्हणजे उद्योगातील अपेक्षित दर्जा. परीक्षकांमध्ये एकाहून अधिक श्रेणीचा फरक पडला तर त्यांना पुन्हा पाहावे लागते. संस्थेने हीच श्रेणी दोन तपासनीसांपुरती घेतली आणि एका फळ्यावर प्रत्येक श्रेणीचे खरे नमुने लावले. ‘चांगली सफाई’ या शब्दांवर तासभर चर्चा करण्यापेक्षा श्रेणी १ आणि श्रेणी २ ची दोन रिव्हेट शेजारी ठेवलेली पाहणे कितीतरी उपयोगी पडले.

दोन तपासनीसांचे किती जुळते हे तपासण्यासाठी आधी नुसती टक्केवारी काढली जात होती आणि ती फसवी होती. समजा दोघेही शंभरातल्या नव्वद जॉबना उत्तीर्ण करतात. मग त्यांनी जॉबकडे न पाहता निकाल लावला, तरी ०.९ गुणिले ०.९ अधिक ०.१ गुणिले ०.१, म्हणजे ८२ टक्के वेळा त्यांचे एकमत निव्वळ योगायोगाने होईल. प्रत्यक्षात ८५ टक्के एकमत दिसले तर ते समाधानकारक भासेल, पण योगायोगावरची खरी कमाई उरलेल्या १८ पैकी जेमतेम ३ टक्क्यांची असेल. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा हा निर्देशांक हाच भाग वेगळा काढतो आणि या उदाहरणात तो सुमारे ०.१७ येतो. आता प्रत्येक परीक्षेआधी दोन्ही तपासनीस काही जुने जॉब स्वतंत्रपणे तपासतात आणि जिथे निकाल भिन्न येतो त्या जॉबवर चर्चा करतात. आकडा काढण्याचा उद्देश या चर्चेचा विषय शोधणे हाच असतो.

कोणी काय तपासायचे, हेही बदलले. कामाची पद्धत तपासणाऱ्याला विद्यार्थी दिसतोच. तिथे नाव झाकता येत नाही. म्हणून स्टेज इन्स्पेक्शन आणि शिस्त आपल्या तुकडीचा प्रशिक्षक पाहतो, तर पूर्ण झालेला जॉब फक्त क्रमांकानिशी दुसऱ्या तुकडीच्या प्रशिक्षकाकडे जातो. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला त्याच्याच जॉबवर आधारित तीन ठरलेले प्रश्न विचारले जातात. वेगाला गुण नाहीत. फक्त एकूण वेळेची मर्यादा आहे. घाईचे बक्षीस या क्षेत्रात शाळेतूनच देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

सर्वाधिक वाद झाला तो चूक कळवणाऱ्या विद्यार्थ्याला गुण कसे द्यायचे यावर. एका बाजूचे म्हणणे असे की छिद्र बिघडले म्हणजे कौशल्य कमी पडले, ते गुण जायलाच हवेत. ते बरोबर आहे. पण चूक लपवणारा आणि सांगणारा यांना सारखेच गुण गेले, तर लपवणे किफायतशीर ठरते, कारण लपवणाऱ्याची चूक सापडेलच असे नाही. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या उड्डाणात वैमानिकासमोरची काच उडाली, तेव्हा तिच्या ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट कमी व्यासाचे निघाले. ते जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून घेतले होते, पार्ट्स कॅटलॉग पाहून नव्हे. तिथे जे झाले नाही, म्हणजे आपल्या अंदाजावर विसंबण्याऐवजी थांबून पुस्तिकेकडे जाणे, नेमके तेच त्या विद्यार्थिनीने केले होते आणि पत्रिकेत त्यासाठी जागाच नव्हती. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झालेल्या मेकॅनिक परीक्षेच्या मानकांत प्रत्येक विषयाखाली ज्ञान आणि कौशल्य यांच्या जोडीला जोखीम व्यवस्थापनाचे घटक वेगळे लिहिलेले आहेत. संस्थेने तोच मार्ग धरला. छिद्र बिघडल्याचे गुण कारागिरीत कापले जातात. थांबणे, नोंद करणे आणि पुस्तिकेनुसार मार्ग काढणे याचे गुण वेगळ्या रकान्यात मिळतात आणि हा रकाना ज्याच्या कामात काहीच बिघडले नाही त्याच्यासाठी तोंडी परीक्षेतील ‘हे छिद्र बिघडले असते तर?’ या प्रश्नाने भरला जातो. त्यामुळे मुद्दाम चूक करून गुण मिळवण्याची सोय राहत नाही.

नव्या पत्रिकेवर दोन्ही जॉब पुन्हा तपासले गेले. विद्यार्थिनी उत्तीर्ण झाली, मात्र सफाईत तिला श्रेणी १ च मिळाली आणि ती तिला मान्य होती. विद्यार्थ्याचा जॉब निर्णायक बाबीवर परत गेला. नियम नंतर बदलून आधीचा निकाल फिरवणे अन्यायाचे झाले असते, म्हणून त्याचे त्या सत्राचे गुण तसेच ठेवून त्याच्याकडून तो जॉब पुन्हा करून घेण्यात आला.

पद्धत महाग आहे हे खरे. प्रात्यक्षिकात एका प्रशिक्षकामागे १५ पर्यंत विद्यार्थी असू शकतात आणि सगळेच एका वेळी स्टेज इन्स्पेक्शनसाठी हात वर करून उभे राहिले तर काम ठप्प होते. विद्यार्थ्यांची सुरुवात टप्प्याटप्प्याने करून ही गर्दी कमी केली गेली. यादी पाठ करून केवळ यादीपुरते काम करण्याची सवय लागेल, ही भीतीही रास्त होती. म्हणून नुकसानाचा आकार आणि जागा आता चिठ्ठी काढून ठरते, त्यामुळे आखणी प्रत्येकाला नव्याने करावी लागते. वायर लॉकिंगच्या, म्हणजे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून ते पिळलेल्या तारेने बांधण्याच्या जॉबला हीच विभागणी लागलीच बसली : ०.०३२ इंचाच्या तारेला इंचामागे ६ ते ८ पीळ हे मोजायचे, पीळाची समानता पारखायची आणि तार बोल्ट सैल करण्याच्या दिशेने ओढली गेली असेल तर जॉब परत.

फेरप्रयत्नाचे गुण किती धरायचे, हा मुद्दा अजून प्रशिक्षकांच्या बैठकीत आहे. काहींना दुसऱ्या प्रयत्नाला कमाल मर्यादा हवी आहे. माझा कौल तशी मर्यादा न घालण्याच्या बाजूने आहे, परंतु दुसऱ्या वेळी नुकसानाची चिठ्ठी नवी निघाली पाहिजे आणि पहिला जॉब कशावरून परत आला ते विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात, पुस्तिकेतील परिच्छेदाचा क्रमांक देऊन, नव्या जॉब कार्डवर लिहिले पाहिजे.